कर्ता नसलेले प्रकरण : परिचर्याशास्त्रातील मलमूत्रविचार

१

परिचर्येच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात मलमूत्रविसर्जनावर एक प्रकरण असते. मूत्राशयाच्या आणि आतड्याच्या नेहमीच्या तक्रारी कोणत्या आणि अशा रुग्णाची शुश्रूषा कशी करावी, हे त्यात सांगितलेले असते. मी हे प्रकरण विद्यार्थिनी म्हणून घोकले, पुढे कित्येक वर्षे शिकवले, त्यावर प्रश्नपत्रिकाही काढल्या. आज मला त्याची समीक्षा करायची आहे. वाङ्मयाच्या आणि समाजचिंतनाच्या नियतकालिकात पाठ्यपुस्तकातल्या एका प्रकरणाची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. पाठ्यपुस्तक हेही लेखनच आहे. ते कोणासाठी लिहिले आणि कोणाला वगळून लिहिले, हा प्रश्न त्यालाही विचारता येतो. ज्या समाजात मैल्याला हात कोणी लावायचा हे जन्मावरून ठरत आले, त्या समाजात मैल्याविषयीचे प्रकरण जातीचा उच्चारही न करता लिहिले जाते, ही गोष्ट चिकित्सेविना सोडून देण्यासारखी नाही.

प्रथम या प्रकरणाची भाषा पाहावी. ती साधारणपणे अशी असते : रुग्णास भांडे द्यावे, पडदा ओढावा, विसर्जनानंतर भांडे काढून घ्यावे, मलमूत्राचे निरीक्षण करावे, भांडे रिकामे करून स्वच्छ करावे, तक्त्यात नोंद करावी. सगळी वाक्ये ‘करावे’ आणि ‘द्यावे’ अशी आहेत. कोणी करावे, हे कुठेच नाही. वर्गात बसलेल्या मुलीला वाटते की ही सहा कामे एकाच बाईने करायची आहेत. ती वॉर्डात जाते तेव्हा दिसते ते निराळेच. भांडे देते रुग्णाची बायको नाहीतर सून. काढून नेते मावशी. धुण्याच्या जागेतली तुंबलेली मोरी साफ करतो सफाई कामगार. नोंद करते सिस्टर. सहा कामांची वाटणी अशी झाल्यावर मधले एक काम, म्हणजे निरीक्षण, कोणाच्याच वाट्याला येत नाही. जी पाहते तिने लिहायचे नसते. जी लिहिते तिने पाहिलेले नसते. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

२

निरीक्षण गळाले तर एवढे काय बिघडते? निरोगी प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे दीड लिटर लघवी करतो. चोवीस तासांत ती ४०० मि.लि.च्या खाली आली, तर मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते आहे किंवा वाट कुठेतरी अडली आहे, असा संशय घ्यावा लागतो. शस्त्रक्रिया झालेल्या अत्यवस्थ रुग्णाला नळी घातलेली असेल आणि तासाला ३० मि.लि.देखील लघवी उतरत नसेल, तर डॉक्टरांना लगेच कळवायचे असते. काळ्या चहासारखी लघवी काविळीकडे बोट दाखवते. गढूळ आणि उग्र वासाची लघवी जंतुसंसर्गाचा संशय निर्माण करते. लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली, तर पोटात वरच्या भागात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. पांढुरक्या मातीसारखी झाली तर पित्ताची वाट बंद झालेली असू शकते. हे सारे कोणत्याही यंत्रावाचून, रक्ताचा तपास येण्याच्या आधी, भांड्यात दिसते. भांडे रिकामे झाले की तो पुरावा गेला.

त्यातही दोन अवस्था फसव्या आहेत. पहिली लघवी तुंबण्याची. मूत्राशय काठोकाठ भरतो आणि वरचे थेंब थेंब बाहेर सांडत राहतात. चादर ओली दिसते म्हणून सगळे समजतात की लघवी होते आहे, फक्त रुग्णाला आवरत नाही. ओटीपोटावर हात ठेवला तर घट्ट, गोल फुगवटा लागतो; पण हात ठेवणार कोण? दुसरी अवस्था मलाचा खडा बसण्याची. खाटेवर पडून असलेल्या वृद्धाच्या गुदाशयात वाळलेल्या मलाचा गोळा अडकतो आणि त्याच्या कडेने वरचे पातळ पाझरत राहते. दिसायला जुलाब, प्रत्यक्षात मलावरोध. जुलाब समजून थांबवण्याचे औषध दिले की दुखणे दुप्पट वाढते.

उपायांपैकी बहुतेक साधे आहेत. लघवी होत नसेल तर नळीच्या आधी आडोसा करावा, शक्य असेल तर रुग्णाला बसते करावे, पुरुषाला उभे राहू द्यावे, नळाचे पाणी सोडून आवाज ऐकू द्यावा, जांघेत कोमट पाणी ओतावे, घाई करू नये. शौचास होत नसेल तर पाणी, कोंड्याचे आणि भाजीचे अन्न, शक्य तेवढे चालणेफिरणे आणि सकाळच्या न्याहारीनंतरची निवांत वेळ द्यावी, कारण पोटात अन्न पडले की आतडे आपोआप हलते. या उपायांना पैसा फारसा लागत नाही. त्यांना माणसाचा वेळ आणि माणसाविषयी आदर लागतो, आणि आपल्या वॉर्डांत टंचाई त्याचीच असते. मग नळी घातली जाते. नळीमुळे चादर कोरडी राहते, पण ती जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका चढत जातो. म्हणून रोज सकाळी विचारायचे असते की ही नळी आज खरोखर हवी आहे काय. पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकवता टांगायची असते; ती रिकामी करताना प्रत्येक रुग्णाला वेगळे, स्वच्छ मापपात्र घ्यायचे असते आणि तिची तोटी पात्राला लागू द्यायची नसते. मी पाहिले आहे की एक्स-रेला नेताना वॉर्डमामा पिशवी उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवतो आणि पिशवीतली लघवी उलटी नळीत शिरते. त्याला दोष कसा द्यावा? त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पुस्तक ट्रॉली ढकलणाऱ्यासाठी लिहिलेले नाही.

३

माझी आई एका जिल्ह्याच्या गावी सरकारी रुग्णालयात आया होती. आम्ही महारवाड्यातून आलेले, १९५६ नंतरचे बौद्ध. तिला अक्षरओळख नव्हती. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात एक म्हातारा आठवडाभर पडून होता. तक्त्यावर जुलाब लिहिले होते, औषध जुलाबाचे चालू होते, आणि चादरी आई दिवसातून पाचसहा वेळा बदलत होती. तिने सिस्टरांना सांगितले, “बाई, म्हाताऱ्याला जुलाब न्हाईत. आत दगूड बसलाय, त्येच्या कडंनं पानी गळतंय. प्वाट बघा कसं टणक झालंय.” सिस्टर म्हणाल्या, “तुझं काम भांडं टाकायचं. ते टाक.” आणखी तीन दिवसांनी म्हाताऱ्याला उलट्या सुरू झाल्या तेव्हा नव्या डॉक्टरांनी बोट घालून तपासले, आणि आई म्हणत होती तेच निघाले. आईला कोणी काही म्हटले नाही. खडे काढल्यावरचे भांडे तेवढे तिने उचलले.

१९८३ साली मी परिचर्येच्या प्रशिक्षणाला गेले. पुस्तकात खड्याच्या कडेने होणाऱ्या पाझराचा परिच्छेद आला तेव्हा मला तो म्हातारा आठवला. सुट्टीत मी तो परिच्छेद आईला वाचून, समजावून सांगितला. ती म्हणाली, “ह्ये तुला पुस्तकातनं कळलं व्हय?” त्या वेळी मी हसले. पुढे मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला. आईने ते ज्ञान शेकडो भांडी उचलून मिळवले होते. पण ज्या हाताने ते मिळवले, त्याच हातामुळे तिच्या बोलण्याला साक्षीची किंमत नव्हती.

इथे एक अप्रिय गोष्टही नोंदवली पाहिजे. त्याच वॉर्डात मेहतर समाजातले एक सफाई कामगार होते. आई त्यांना मामा म्हणे, पण त्यांच्या कपातला चहा घेत नसे. सिस्टरांनी भांडे आईकडे ढकलले होते, आईने मोरी मामांकडे ढकलली होती, आणि प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जिची मीमांसा केली, ती मी ग्रंथात वाचण्याआधी त्या वॉर्डात पाहिली आहे.

आणि माझे काय? मी सिस्टर झाले. माझ्याही वॉर्डात द्रवमापनाचे तक्ते होते, किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली याचे. पिशवी मावशी रिकामी करीत, आकडा त्यांना कोणी विचारीत नसे, आणि रात्री बाराला मी अंदाजाने १४०० किंवा १५०० लिहून मोकळी होई. चाळीस खाटांना आम्ही दोघी होतो, हे खरे आहे. पण एवढ्याने तो आकडा खरा होत नाही. आयाच्या मुलीने आयाला आकडा विचारला नाही, ही माझी कबुली आहे. ज्या बायका भांडे मागायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नसत, त्याही मला दिसत होत्या. मावशी चिडतील, पडदा फाटका आहे, समोरच्या खाटेपाशी परका पुरुष बसला आहे, अशी त्यांची कारणे असत. पाणी तोडल्याने लघवी दाट होते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो, शौच आणखी घट्ट होते. तक्त्यावर मी ‘रुग्ण पाणी कमी घेते’ एवढेच लिहीत असे, जणू तो तिचा हट्टच होता.

४

हे असे का झाले? परिचर्येच्या मूळ विचारात ही फारकत नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात भांड्यावर झाकण हवे, भरलेले भांडे रुग्णाच्या खोलीत पडून राहता कामा नये, हे त्या तपशिलाने सांगतात. आणि हे माझे काम नव्हे म्हणून रुग्णाला खोळंबवणाऱ्या बाईने या व्यवसायात येऊ नये, असेही बजावतात. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी माणसाच्या ज्या चौदा मूलभूत गरजा मांडल्या, त्यांत श्वास आणि अन्नपाणी यांच्या पाठोपाठ तिसरी गरज उत्सर्जनाची आहे. म्हणजे शास्त्राने ती वरच्या पायरीवर ठेवली. आपल्या वॉर्डाने ती सगळ्यात खालच्या माणसाकडे दिली.

परिचारिकेकडे आपल्या समाजाने दीर्घकाळ तुच्छतेने पाहिले, कारण ती परक्याच्या अंगाला आणि घाणीला हात लावते. या तुच्छतेतून सुटण्यासाठी तिने समाजाची शुद्धाशुद्धतेची कल्पना नाकारायला हवी होती. तसे न करता व्यवसायाने भांडे खाली सरकवले आणि लेखणी जवळ ठेवली. आपल्या कथाकादंबऱ्यांतली आणि चित्रपटांतली परिचारिकाही बहुधा अशीच असते. ती कपाळावर हात ठेवते, ताप पाहते, रात्र जागून काढते, पण भांडे देताना सहसा दिसत नाही. शुभ्र पोशाखाचे सौंदर्य टिकवायचे तर भांडे चौकटीबाहेरच ठेवावे लागते.

याच्या उलट एक चित्र विनयपिटकातल्या महावग्गात आहे, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही ती कथा घेतली आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते, कारण त्याचा इतरांना काही उपयोग नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की ज्याला बुद्धाची सेवा करायची असेल त्याने रुग्णाची करावी. या कथेचा उपयोग आपण करुणेचा दाखला म्हणून करतो आणि थांबतो. पण पुढे चांगल्या परिचारकाची पाच लक्षणे सांगितली आहेत, ती मला अधिक महत्त्वाची वाटतात. त्याला औषधाची योजना करता आली पाहिजे. रुग्णाला काय मानवते आणि काय नाही हे कळले पाहिजे. तो लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणारा असावा. मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस येऊ नये. आणि धम्मकथेने रुग्णाला उभारी देता आली पाहिजे. औषधाचे ज्ञान आणि मल काढण्याची तयारी ही दोन्ही लक्षणे इथे एकाच माणसाची आहेत. ती दोन माणसांत, दोन पगारांत आणि दोन जातींत वाटलेली नाहीत.

५

आमच्या कार्यकर्त्यांचा एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, बाई, आमच्या लोकांनी हे काम सोडावे म्हणून पिढ्या झिजल्या, आणि तुम्ही त्यांना भांडे शास्त्रशुद्ध कसे उचलावे ते शिकवता? माझा धाकटा भाऊ हेच म्हणतो. आईच्या हाताचा वास आठवला की त्याला आजही राग येतो.

त्या रागाशी माझे भांडण नाही. सफाईच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवायचे आणि ते करणारा तिथेच राहील अशी व्यवस्था करायची, हा डाव बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात उघडा पाडला आहे. भारतात माणूस कामामुळे भंगी ठरत नाही, जन्मामुळे ठरतो, हे त्यांचे म्हणणे आहे. त्यापूर्वी १९३६ सालीच त्यांनी दाखवून दिले होते की जातीने केवळ श्रमांची नव्हे तर श्रम करणाऱ्यांचीही विभागणी केली आहे. म्हणून भांडे उचलणाऱ्या मावशीला सेवामूर्ती म्हणून हार घालण्याला माझाही विरोध आहे.

पण एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली, ती प्रथा जगात राहण्याचे काही कारणच नाही. शौचालय बदलले की ते काम संपते, संपले पाहिजे. रुग्णाच्या भांड्याचे तसे नाही. अर्धांग झालेला माणूस, प्रसूत झालेली बाई, नव्वदीतला म्हातारा यांना दुसऱ्याचा हात लागणारच. हे काम नाहीसे होणार नाही, म्हणून ते कोणाच्या जन्माला चिकटणार नाही अशी व्यवस्था करणे एवढेच आपल्या हाती आहे. त्याचा मार्ग मला एकच दिसतो. जिथे भांडे जाईल तिथे ज्ञान, अधिकार आणि पगार गेले पाहिजेत. आणि जिथे लेखणी आहे तिथेही भांडे आले पाहिजे.

हे अशक्य नाही. १९९७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी मलाच्या सात प्रकारांचा एक चित्रतक्ता प्रसिद्ध केला. सुट्या, कठीण खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत सात चित्रे आहेत. पहिली दोन मलावरोधाची, तिसरे-चौथे निरोगी, शेवटची दोन जुलाबाची. निरक्षर बाईलाही बोट ठेवून क्रमांक सांगता येईल असे हे साधन आहे. मी ते जिथे जिथे पाहिले तिथे ते सिस्टरांच्या टेबलामागे लावलेले होते. भांडी धुतात त्या जागेत ते मला दिसले नाही. माझ्या आईला ती सात चित्रे दिली असती, तर तिने त्या म्हाताऱ्याच्या खाटेशी उभे राहून काय दिसते आणि काय दिसत नाही ते सांगितले असते, आणि तक्त्यावर ते लिहिणे सिस्टरांना भाग पडले असते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मावशी आणि मामांना मलमूत्राच्या निरीक्षणाचे, नळी आणि पिशवी हाताळण्याचे रीतसर शिक्षण द्यावे, आणि त्या शिक्षणाला पगाराची पायरी जोडावी. त्यांनी सांगितलेली नोंद त्यांच्या नावाने तक्त्यावर चढावी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. कंत्राटी मावशीला ती मिळाली का, हे कार्यकर्त्यांनी वॉर्डात जाऊन विचारावे. प्रत्येक पाळीत नाजूक रुग्णाचे भांडे सिस्टरने स्वतः पाहावे, आणि पाहता यावे इतक्या सिस्टरांची भरती व्हावी. घरच्या माणसांकडून काम करून घेता, तर त्यांनाही शिकवावे. आणि पाठ्यपुस्तकांनी आपल्या वाक्यांना कर्ता द्यावा.

मी परीक्षक होते तेव्हा या प्रकरणावर ठरावीक प्रश्न काढीत असे : मलावरोध झालेल्या रुग्णाची परिचर्या लिहा, लघवीची नळी घातलेल्या रुग्णाची काळजी कशी घ्याल? मुली भराभर लिहीत, आणि मी गुण देत असे. आज प्रश्नपत्रिका काढायची झाली, तर त्यांच्या वर एक प्रश्न अनिवार्य म्हणून घालीन. काल तुमच्या वॉर्डात भांडी कोणी उचलली, तिचे नाव काय, आणि तिला भांड्यात काय दिसले?